तयार गुढीचा संच: कलश ठेवा, प्लॅस्टिकची पानं काढा

संभाजीनगरची गुलमंडी असो नाहीतर लातूरची गंजगोलाई, रंगपंचमी ओसरली की पिचकाऱ्यांच्या जागी पाडव्याचे खोके येतात. त्यात साधारण तीन प्रकार असतात. पहिला म्हणजे देवघरात किंवा टेबलावर ठेवायची फूट-दीड फुटाची गुढी, सगळं आधीच चिकटवून आलेलं. दुसरा म्हणजे तीन-चार फुटांचा पूर्ण संच: तुकड्यांत जोडायची काठी, चुण्या घातलेलं कापड, छोटा कलश, प्लॅस्टिकची कडुलिंबाची आणि आंब्याची डहाळी, साखरेची गाठी, कधी निंबाच्या भुकटीची पुडी आणि पूजेचं पत्रक. तिसरा म्हणजे नुसतं साहित्य. काठी तुमची, कापड आणि कलश त्यांचा. हे परीक्षण तिन्ही प्रकारांचं आहे, एखाद्या दुकानाचं नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. तिसरा प्रकार घेण्यासारखा आहे. दुसऱ्यातला कलश चांगला निघाला तर तेवढ्यासाठी तो घ्यावा, पण काठी आणि पानं बाजूला काढावीत. पहिला प्रकार शोभेची वस्तू म्हणून ठीक आहे. गुढी म्हणून तो का चालत नाही ते पुढे येईलच. किमती इथे दिलेल्या नाहीत, कारण तांबं आणि साखर दोन्हीचे भाव दरवर्षी हलतात. भाव विचारताना वजन विचारा, म्हणजे तुलना आपोआप होते.

पण गुढी कशाची खूण आहे हे ठरल्याशिवाय संच बरा की वाईट हे कशावरून ठरवायचं? मराठवाड्याकडे यासाठी आपली घरची गोष्ट आहे. पैठणची. कुंभाराच्या घरी वाढलेला शालिवाहन गोदाकाठच्या मातीचे सैनिक घडवतो, त्यांच्यावर पाणी शिंपडतो आणि ती माती शस्त्र घेऊन उभी राहते. इसवी सन ७८ पासून मोजला जाणारा शक त्याच्या नावाने चालतो. बहुतेक अभ्यासक या शकाचा आरंभ सातवाहनांशी, म्हणजे शालिवाहन ज्या घराण्यातला मानतात त्याच्याशी, जोडत नाहीत, कुषाण राजा कनिष्काशी किंवा शक राजा क्षत्रप चष्टनाशी जोडतात, आणि ते बरोबर असेल. पण पाडव्याच्या दारात इतिहासापेक्षा ती शिंपडलेल्या पाण्याची गोष्टच जास्त कामाची आहे. निर्जीव म्हणून टाकलेलं पुन्हा उठतं, आणि उठवायला फार काही लागत नाही, हे ती सांगते. कुणी याच दिवशी ब्रह्मदेवाने सृष्टी केली म्हणतं, कुणी राम अयोध्येला परतला म्हणतं. कथा कोणतीही घ्या, संपलेलं पुन्हा सुरू होणं सगळीकडे आहे.

आता चैत्राच्या तोंडावर आपलं शिवार बघा. रब्बीची ज्वारी निघालेली, कडबा रचलेला, काळं रान उघडं पडून भेगाळलेलं. मृगाला अजून दोन-अडीच महिने अवकाश. वसंत म्हटल्यावर चित्रात जी हिरवळ येते तिचा इथे पत्ता नसतो. हिरवं दिसतं ते बांधावरच्या कडुलिंबावर, तेही माघ-फाल्गुनात तो पार झडून गेल्यानंतर. सालगड्याचं सालही पाडव्यालाच संपतं आणि पाडव्यालाच नव्याने ठरतं. रान मोकळं, हिशेब मोकळा, आकाशात आदल्या दिवशी अमावस्या. अशा रित्या जागी गुढी उभी राहते. म्हणून संचातल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही या वर्षी नवी झाली का? घासून, धुऊन, फुटून, पाकातून निघून, कशीही, पण नवी झाली का?

या प्रश्नाला कलश सगळ्यात चांगलं उत्तर देतो, म्हणून पैसे तिथेच घालावेत. तांब्याचा गडू वर्षभरात काळवंडतो आणि चिंच-मिठाने दोन मिनिटांत पुन्हा लाल होतो. वर्षाचा मळ हाताने काढायचा हा एक संस्कार संच विकत घेऊनही चुकत नाही, पण त्यासाठी कलश खरा तांब्याचा हवा. संचातले बरेचसे कलश लोखंडाचे किंवा अॅल्युमिनियमचे असतात, वरून तांब्याचा मुलामा. ओळखायला चुंबक न्या. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. न चिकटलं तरी लगेच समाधान मानू नका, कारण अॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. तिथे हातात तोलून बघा: तांबं अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असतं, त्यामुळे त्याच मापाचा आणि जाडीचा तांब्याचा गडू हाताला लगेच कळतो. मग बुडाशी, जिथे कुणी पाहत नाही तिथे, नखाने किंवा किल्लीच्या टोकाने हलका ओरखडा काढा. पांढरं दिसलं की मुलामा. असा कलश चिंचेने घासला की पहिल्या-दुसऱ्या वर्षीच डागाळतो आणि मग तो कायमचा जुना होतो. काही कलशांवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. त्यावर चिंच कामच करत नाही. गरम पाण्यात सोडा घालून पाच-दहा मिनिटं उकळलं तर ते बहुधा सुटतं.

दुसरी अडचण तोंडाची. शोभेचा कलश गळ्याशी अरुंद आणि काठाशी पसरट असतो. काठीचं टोक गळ्यात आत जात नाही, कलश नुसता काठावर टेकतो आणि दुपारच्या वाऱ्याला घरंगळतो. माळवदावर किंवा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी केलेली गुढी असेल तर खाली कुणाच्या डोक्यात पडायला एवढं पुरे. घरच्या पाच-सहा फुटांच्या काठीला अडीचशे ते चारशे ग्रॅमचा, तोंडाशी निदान अडीच इंच मोकळा गडू चांगला. घरात पाणी प्यायचा तांब्या असेल तर तोच वापरा, संचातला कलश नको. कलश उलटा का ठेवतात याची उत्तरं घरोघर वेगळी मिळतात. पूजेतला कलश भरलेला असतो आणि हा रिता करून पालथा घातलेला, एवढं मात्र डोळ्यांना दिसतं. गेलं वर्ष ओतून टाकलं, असा त्याचा अर्थ लावायला हरकत नाही.

काठीबद्दल फार लिहायला नको. संचातली काठी दोन किंवा तीन तुकड्यांची असते, मध्ये पितळी रंगाची चकती आणि पेच. वरती कलश आणि ओली डहाळी आली की सांधा वाकतो, आणि एका वर्षात पेचाचा आटा जातो. त्यापेक्षा बुरडाकडून वेळू घ्या: पाच ते सात फूट, सव्वा इंचाच्या आसपास जाडी, पेरं जवळजवळ. काठी उभी धरून जमिनीवर दोनदा आपटा. खाली पिवळसर पीठ पडलं आणि अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर किडा लागलाय, ती सोडा. उभी चीर असेल तर तीही सोडा, कारण सुतळी आवळली की चीर वाढते. घरी आणून धुवा, वाळवा, तेलाचा हात द्या, मग हळद-कुंकू. जुना वेळू दरवर्षी चालतो. त्याला नवेपण स्नानानेच येतं.

कापड हा संचाचा सगळ्यात दिखाऊ भाग. साटीनच्या चुण्या, काठाला पैठणी छापाची पट्टी, मध्ये मोराची टिकली. रंग चांगले असतात, ते नाकारायचं कारण नाही. खोट चिकटवण्यात आहे. चुण्या टाक्याने न घालता गरम गोंदाने दाबलेल्या असतात. मार्चअखेरीला आपल्याकडे दुपारी पारा सहज अडतीस-चाळिशीला जातो, आणि पश्चिमेच्या गॅलरीत पत्र्याला लागून उभ्या गुढीला त्याहून जास्त ताव बसतो. गोंद मऊ पडतो आणि तीन-चार वाजता चुण्या एकेक करून उघडतात. घ्यायचंच असेल तर कापड उलटून बघा: टाका असेल तर घ्या, पिवळट थेंब असतील तर नको. टाचण्या असतील तर काढून टाका, ओल्या डहाळीजवळ त्या गंजून डाग पाडतात.

खरं तर चुण्या घालायला पाच मिनिटं लागतात. मीटरभर खण किंवा कोरं ब्लाऊजपीस घ्यायचं, रुंदीकडून दोन-दोन इंचांच्या घड्या पाडत जायचं, एका टोकाशी सगळ्या घड्या मुठीत धरून सुताने तीन वेढे घालायचे. काठ खाली मोकळा सुटतो. साडी असेल तर आधी लांबीत चौघडी करून मग चुण्या, नाहीतर गठ्ठा फार जाड होतो आणि कलश वर बसत नाही. हे कापड दुसऱ्या दिवशी कुणीतरी शिवून घालतं. गोंद लागलेलं साटीन पुढच्या पाडव्यापर्यंत खोक्यात पडून राहतं.

आता पानं, आणि इथे संच सपशेल नापास.

प्लॅस्टिकची कडुलिंबाची डहाळी गडद हिरवी असते. तो रंग श्रावणातल्या कडुलिंबाचा. चैत्रातली पालवी तांबूस असते, तांब्याच्या गडूशी मिळतीजुळती, कोवळी, लवलवीत, उन्हात धरली तर आरपार दिसणारी. ती हळूहळू पोपटी होते आणि मग पांढरा बारीक मोहोर येतो. ज्या झाडावर महिन्याभरापूर्वी काटक्याच उरल्या होत्या त्याचा हा रंग आहे. गुढीवरच्या सगळ्या वस्तूंत खऱ्या अर्थाने मरून उठलेली वस्तू हीच एक, आणि नेमकी तीच न मरणाऱ्या प्लॅस्टिकची करून ठेवली. आंब्याचंही तसंच. नवा फुटवा तपकिरी-तांबूस असतो, संचातला आंबा मात्र बारमाही हिरवा. जे वाळत नाही ते फुटतही नाही, त्यामुळे ही डहाळी संचातून काढलीच पाहिजे.

खरी डहाळी फुकट मिळते, पण तिला वेळ सांभाळावी लागते. तोडलेली कोवळी पालवी उन्हात तीन-चार तासांत माना टाकते, कारण तिच्या पानांवर अजून जाडी आलेली नसते आणि पाणी लवकर उडतं. म्हणून डहाळी आदल्या संध्याकाळी तोडा, देठ तिरका छाटा, चार बोटं पाण्यात बुडेल अशी बादलीत ठेवा आणि वरून ओलं फडकं टाका. फ्रिज नको, थंडीने कोवळी पानं काळी पडतात. गुढीला बांधताना देठाच्या टोकाला ओल्या कापसाचा बोळा आणि त्यावर पानाचा तुकडा बांधला तर दुपारपर्यंत ती टवटवीत राहते. संध्याकाळी ती मलूल होणारच. होऊ द्यावी.

बाजारात जुड्या मिळतात त्यात एक घोटाळा हमखास असतो: बकाण निंब. दिसायला कडुलिंबासारखाच, पण औषधाला आणि प्रसादाला नाही. त्याची फळं तर विषारी. ओळख सोपी आहे. कडुलिंबाच्या एका शिरेवर दोन्ही बाजूंनी सरळ पानं लागतात, पान थोडं कोयत्यासारखं वाकडं, कडा करवती, बुडाशी दोन बाजू असमान. बकाणाच्या मुख्य शिरेला आधी उपशिरा फुटतात आणि त्यांवर पानं लागतात, म्हणजे पूर्ण डहाळी जाळीदार, त्रिकोणी दिसते. मोहोर असेल तर शंकाच उरत नाही: कडुलिंबाचा पांढरा, बकाणाचा जांभळट. पानं चुरगळून दाताखाली धरून बघण्यापेक्षा शीर बघणं बरं.

पाडवा चांद्र तिथीवर असल्याने मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मागेपुढे होतो, आणि झाड काही पंचांग वाचत नाही. २०२६ चा पाडवा १९ मार्चचा. एवढ्या लवकर बऱ्याच झाडांवर तांबूस पालवी असते, मोहोर कमी. २०२७ चा ७ एप्रिलचा, तेव्हा मोहोर भरून आलेला असतो. पाडवा लवकर असेल तर मोहोरासाठी अडून बसू नका.

साखरेच्या गाठीकडे वळू. हिला आपल्याकडे दोन सण आहेत. होळीला लेकरांच्या गळ्यात आणि पाडव्याला गुढीच्या. संचातली गाठी म्हणजे बहुतेक वेळा होळीचा उरलेला माल, हे आधी लक्षात घ्या. चांगली गाठी अपारदर्शक पांढरी असते, मोडली तर कट्‌ असा आवाज येऊन रवाळ तुकडा पडतो, आणि दोरा बरोबर मधून गेलेला असतो. ती कशी होते हे माहीत असलं की खराब कशाने होते तेही कळतं. साखरेच्या पाकात थोडं दूध घालून उकळतात, मळी वर येते, ती काढून टाकतात. पाक गोळीबंद झाला की घोटून घोटून तो दुधी करतात आणि पाण्यात भिजवलेल्या लाकडी साच्यात, दोरा आधी ताणून, ओततात. साचा कोरडा राहिला तर पदकं चिकटतात आणि काढताना फुलांच्या कडा तुटतात. दोरा ढिला राहिला तर तो पाठीशी येतो आणि गाठी टांगल्यावर पदक सुटून पडतं. मळी नीट काढली नाही तर रंग पिवळट. पाक कच्चा राहिला, किंवा साखर धरू नये म्हणून त्यात लिंबू जास्त पडलं, तर गाठी हाताला चिकटते.

चिकट गाठीला दुकानदार उन्हाचं कारण सांगतात. ते खरं नाही. चाळीस अंशांना साखर वितळत नाही, ती हवेतली ओल ओढून चिकट होते. आणि मराठवाड्यातला मार्च एवढा कोरडा असतो की इथे चिकटलेली गाठी पाकातच बिघडलेली असणार. दुसरी शक्यता खोक्याची आहे: ताजा हार आणि गाठी एकाच बंद प्लॅस्टिकमध्ये भरली की फुलांचा दमटपणा साखर पिते. असा संच दिसला की गाठी वेगळी मागा. रंगीत गाठी, विशेषतः भडक गुलाबी आणि केशरी, लेकरांना द्यायच्या असतील तर टाळलेल्या बऱ्या. दोरा सुती असावा. नायलॉनचा दोरा चोखताना तुटत नाही आणि घशात जातो.

वजनाचा मुद्दा इथेही आहे. संचातल्या गाठीची पदकं मोठी दिसतात पण पाठीमागून पोकळ किंवा कागदासारखी पातळ असतात. शंभर-दीडशे ग्रॅमची गाठी पाच-सहा फुटी गुढीला शोभते. सण झाल्यावर ती बरणीत ठेवा. उन्हातून आलेल्याच्या हातावर गाठीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी, ही चैत्रातली आपली जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे.

निंबाच्या भुकटीची पुडी वापरू नका, एवढंच तिच्याबद्दल. भुकटी जुनी, करपट आणि नुसतीच कडू असते, आणि ती कशाच्या पानांची हे कळायला मार्ग नसतो. घरच्या प्रसादात कडूबरोबर आंबट, गोड, तिखट, खारट सगळं येतं. येत्या वर्षाची चव एकाच घासात घ्यायची, असं म्हणूनच तो करतात. आठ-दहा जणांना पुरेल असं प्रमाण: बारा-पंधरा कोवळी पानं (पूर्ण डहाळी नव्हे, सुटी पानं), असल्यास चमचाभर मोहोर, चार तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ दोन मोठे चमचे, गूळ दोन चमचे, बोराएवढी चिंच, चार मिरे, अर्धा लहान चमचा जिरं, पाव चमचा ओवा, चिमूटभर हिंग, चवीला मीठ. डाळ, जिरं, मिरे, ओवा आधी जाडसर वाटा, पानं शेवटी घाला. पानं फार वेळ वाटली की लगदा होऊन कडवटपणा सगळ्यात उतरतो आणि लेकरं दुसऱ्यांदा तोंड उघडत नाहीत. वाटल्यावर तासाभरात वाटप करा, नंतर रंग काळा पडतो. माणशी हरभऱ्याएवढी गोळी पुरे. लहान मुलांना बोटाच्या टोकाला लागेल एवढंच. तान्ह्या बाळाला नको, गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि कडुलिंबाचं तेल तर कुणाच्याच पोटात जाता कामा नये.

पत्रक तपासा. संचातली पत्रकं मागच्या वर्षीची निघतात. पाडव्यापासून इसवी सनातून ७८ वजा करा, तो चालू शक: २०२६ च्या पाडव्याला शके १९४८ लागतो, संवत्सराचं नाव पराभव. या नावाने काही जणांचा चेहरा पडतो, आणि काही छापणारे ते नाव गाळूनच टाकतात, तेही पाहण्यासारखं आहे. साठ नावांच्या चक्रातलं ते चाळिसावं नाव. साठ वर्षांपूर्वी, १९६६ मध्येही तेच होतं आणि चक्र फिरून पुन्हा येणार. नावावरून वर्षाचं फळ काढायचं तर आधीचं विश्वावसु संवत्सर सगळ्यांना लखलाभ गेलं असतं.

बांधणीचा क्रम चुकला तर चांगलं साहित्यही खाली येतं. आधी काठीच्या टोकाला तळहाताएवढं सुती फडकं गुंडाळून सुताने आवळा. यामुळे कलशाचा गळा घट्ट बसतो, आणि हीच पायरी सगळे विसरतात. मग टोकापासून चार बोटं खाली कापडाच्या चुण्या, दोन गाठींनी. चुण्यांच्या वरून कडुलिंबाची आणि आंब्याची डहाळी, देठ वर आणि पानं खाली, नाहीतर तासाभरात पानं उलटून लोंबतात. त्यावर फुलांचा हार, सगळ्यात वर गाठी, म्हणजे ओल्या पानांचा स्पर्श तिला कमी होतो. शेवटी कलश पालथा दाबून बसवा. त्यावर कुंकवाची बोटं आणि स्वस्तिक आधीच काढून ठेवा, काठी उभी झाल्यावर हात पोचत नाही. उभी करताना पाट, पाटाखाली रांगोळी, आणि काठी दोन ठिकाणी बांधा: एक गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक खांद्याच्या. एकाच गाठीवर उभी गुढी वाऱ्यात गोल फिरते. किंचित पुढे कललेली असावी, म्हणजे कापड भिंतीला घासत नाही.

टेबलावरच्या गुढीचं काय? फ्लॅटमध्ये गॅलरीला जाळी, बाहेर काठी काढायला सोसायटीची मनाई, घरात एकटं म्हातारं माणूस, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांना नाकं मुरडू नयेत. पण ही गुढी दुकानातून घरी येते ती शोकेसमध्ये बसते आणि वर्षभर उतरतच नाही. गुढी सूर्योदयाला उभारायची आणि मावळतीच्या आत हळद-कुंकू वाहून उतरवायची असते. एका दिवसाचं आयुष्य हा तिचा अर्धा अर्थ आहे. तेव्हा छोटी गुढी घेतलीच तर दोन गोष्टी करा: चिकटवलेली पानं उपटून त्या जागी बोटभर खरी डहाळी खोवा, आणि संध्याकाळी ती खोक्यात घालून कपाटात ठेवा. डोळ्यांआड गेली तरच पुढच्या वर्षी ती पुन्हा येईल.

याच दिवसांत जालना, संभाजीनगरच्या चर्चमध्ये येशूच्या पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, येतो. त्याची तारीखही चंद्रावरच बांधलेली: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला, पाडव्यानंतर सतरा दिवसांनी. दोन्ही सणांत मेलेलं उठतं, पण फरक मोठा आहे. तिथे एकदाच घडलेल्या आणि कायमच्या उठण्याची आठवण आहे. आपल्याकडे दरवर्षी झडायचं, दरवर्षी फुटायचं. म्हणून तिथे रिकामी कबर पुरते, आपल्याला मात्र दरवर्षी ताजी डहाळी लागते. संच बनवणाऱ्यांना हा फरक लक्षात आला असता तर त्यांनी प्लॅस्टिकच्या पानांऐवजी खोक्यात एक रिकामी जागा सोडली असती.

गुणच द्यायचे तर, दहापैकी: नुसत्या साहित्याच्या संचाला, कलश तांब्याचा आणि कापड टाक्याचं असेल तर, आठ. तीन-चार फुटी पूर्ण संचाला चार, तेही कलशाला दोन आणि कापडाच्या रंगाला दोन. टेबलावरच्या गुढीला तीन. एकटं म्हातारं माणूस ती लावत असेल तर सहा.

उतरवल्यावर कलश कोरडा पुसून कागदात गुंडाळा, ओला ठेवला तर हिरवा डाग धरतो. काठी आडवी, भिंतीला न टेकवता, माळवदाखाली किंवा माळ्यावर. हार आणि आंब्याची पानं झाडाच्या बुडाशी. कडुलिंबाची डहाळी मात्र टाकू नका. चार-पाच दिवस सावलीत वाळवा, पान चुरचुरीत झालं की देठ काढून ज्वारीच्या कणगीत किंवा गव्हाच्या डब्यात थराथराने घाला. जरा जरी ओली राहिली तरी धान्याला बुरशी येते, म्हणून मुठीत चुरून बघा आणि मगच घाला.